विहिरीतले बळ

मांजरगव्हाण हे गाव आपल्या सबंध आयुष्यात एकच शास्त्रीय शब्द शिकले, आणि तोही उलटा शिकले. तो शब्द म्हणजे नत्र.

बोरीअरबपासून चार कोसांवर, काळ्या मातीच्या पोटात बसलेल्या या गावात हा शब्द ग्रामसेवक बाबाराव याने आणला. विकास गटाच्या कार्यालयातून पांढऱ्या खताची पोती येत, ती खपवणे हे त्याचे काम. चावडीपुढच्या पारावर उभा राहून तो चार वर्षे एकच वाक्य म्हणत होता, "नत्र म्हंजे बळ. पऱ्हाटीले नत्र द्या अन् मंग पाहा." लोकांनी पऱ्हाटीला नत्र दिले, आणि कपाशी खरोखरच काळीभोर होऊन कमरेला लागली. एखादे वचन एकदा खरे ठरले की त्याचा अर्थ पुन्हा तपासून पाहण्याचे कष्ट सामान्य मनुष्य घेत नाही. मांजरगव्हाणचे लोक तर सामान्यांहूनही सामान्य होते.

त्यांचे अग्रणी होते सरपंच पुंडलिकराव. खताची सर्वांत जास्त पोती त्यांच्या शेतात पडत, सर्वांत जास्त गुरे त्यांच्या गोठ्यात बांधलेली असत, आणि सर्वांत मोठा उकिरडा त्यांचाच होता. गावाची विहीर त्या गोठ्याला लागून होती. तिच्या दुसऱ्या बाजूसही घरोघरचे उकिरडे रांगेने लागले होते, कारण शेण दूर वाहून नेण्याचा आळस ही त्या गावातली एकमेव गोष्ट होती जिच्यात कधी दुही माजली नाही. स्त्रिया सणावारी त्या विहिरीला हळदकुंकू वाहत, खणानारळाने ओटी भरत, आणि परतताना शेणाची पाटी तिच्यापासून चार पावलांवर उपडी करून येत. जलाला देवता मानणे ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु देवतेच्या गाभाऱ्याशेजारी गोठ्याचे गटार सोडून नंतर तिला नमस्कार करणे, याला पूजा म्हणत नाहीत.

गावात दुसरी एक विहीर होती. गाव तिला आपली म्हणत नव्हते. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर पूर्वेच्या वस्तीतील कुटुंबांनी नाल्यापलीकडच्या मुरमाड टेकाडावर स्वतःच्या हातांनी ती खणली. पिढ्यान् पिढ्या ही माणसे गावविहिरीच्या कट्ट्याखाली ताटकळत उभी राहत, आणि कोणाच्या मनात आले तर वरून त्यांच्या भांड्यात पाणी ओतले जाई. बुद्धाला शरण गेल्यावर त्यांनी प्रथम काही केले असेल तर ते हे, की खाली उभे राहणे सोडले. खडक फोडताना त्यांना दोन उन्हाळे लागले. गाव नाल्याच्या अलीकडे उभे राहून हसत होते.

त्रेसष्ट सालच्या पावसाळ्यात नागपूरहून देशकर नावाचे एक साहेब आले. भूमिगत जलात घरांमुळे किती नत्र मिसळते आणि शेतांमुळे किती, याचा अंदाज बांधण्याचे काम त्यांच्याकडे होते. घरटी माणसे किती, गुरे किती, शेतात किती पोती खत पडले, विहिरीपासून उकिरडा किती दूर, हे विचारून गणित मांडायचे, आणि मग प्रत्यक्ष पाण्याची परीक्षा करून ते ताडून पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. पद्धत उत्तम होती. ज्यांच्या उत्तरांवर ती उभी होती ती माणसे तशी नव्हती.

साहेबांनी पहिला प्रश्न सरपंचांना विचारला. लोकांना समजावे म्हणून त्यांनी मुद्दाम इकडचा शब्द योजला.

"तुमचा उकंडा विहिरीपासून किती अंतरावर असतो?"

"तो कायले विहिरीपाशी राहीन?" पुंडलिकराव म्हणाले. "बैलं घेऊन गेलता सकाळीच."

"मी शेणाच्या ढिगाविषयी विचारतो आहे."

"मंग तसं म्हना ना साहेब. आमच्या गड्याचंच नाव उकंडा हाये."

आधीची लेकरे जगली नाहीत की पुढच्याचे नाव उकंडा ठेवायचे, म्हणजे मृत्यू त्याला केर समजून ओलांडून जातो, अशी इकडे समजूत आहे. साहेबांना ती ठाऊक नव्हती. जवळच्या बंजारा तांड्याचे शंकरसिंग नाईक ग्रामपंचायतीचे सदस्य होते. ते पारावर बसल्या बसल्या म्हणाले, "दोघायचंबी लिवून घ्या साहेब. एक उकंडा पुंडलिकरावाची भाकर खाते, अन् दुसरा उकंडा पुंडलिकरावाले भाकर देते."

लोक हसले. मग मोजणी सुरू झाली, आणि सरकार विचारते आहे त्या अर्थी जास्त असणे हेच चांगले, असा निष्कर्ष गावाने एकमुखाने काढला. ज्याच्या दारात एक खंगलेली म्हैस तो चार म्हशी सांगू लागला. ज्याने अर्धे पोते खत टाकले होते त्याने पाच टाकल्याचे शपथेवर सांगितले. पुंडलिकरावांनी मृत झालेले बैलही जिवंत करून दावणीला बांधले. संध्याकाळपर्यंत मांजरगव्हाणची गुरे कागदावर इतकी वाढली की त्यांना चरायला अर्धा दारव्हा तालुका लागला असता. साहेबांच्या अंदाजाचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. सुदैवाने पाण्याला बढाई मारता येत नाही. साहेबांनी तिन्ही विहिरींचे, म्हणजे गावाचे, तांड्याचे आणि नाल्यापलीकडचे पाणी बाटल्यांत भरून नेले.

पंधरवड्याने ते निकाल घेऊन आले. चावडीपुढे सभा भरली. जीप चालू ठेवूनच साहेब उभे राहिले.

"गावविहिरीत दहा लाख भागांत नत्रक्षार दोनशे साठ भाग आहे," ते म्हणाले. "तांड्याच्या विहिरीत साठ. नाल्यापलीकडच्या विहिरीत नऊ. गावविहिरीतला मोठा वाटा घरांचा आणि गोठ्यांचा आहे, त्याखालोखाल शेतांचा."

क्षार हा शब्द कोणी ऐकला नाही. नत्र ऐकला, दोनशे साठ ऐकला, आणि टाळ्या पडल्या.

"आमचं साठच?" शंकरसिंग उठून उभे राहिले. "साहेब, एकडाव पुन्हा मोजा ना. तांड्यानं काय पाप केलं?"

"अन् त्यायचं नऊ!" पुंडलिकराव सभेच्या कडेला उभ्या असलेल्या धर्मपालकडे वळले. विहीर खणण्यात पुढाकार घेणारा तो हाच. "ऐकलं का रे धर्मपाल? नऊ! जीवच नाई तुमच्या पान्यात."

"ऐकलं," धर्मपाल म्हणाला. "आमाले ना शेत, ना ढोर. आमच्या घरून जमिनीत मुरन तरी काय, सरपंचसाहेब? घामच मुरन."

साहेब पुढे बोलू पाहत होते. गोंगाटात त्यांनी एवढेच सांगितले, "शिशूंच्या दृष्टीने हे प्रमाण विचारणीय आहे." आणि जीपमध्ये बसून ते निघून गेले. ज्या गोष्टीचे भय वाटले पाहिजे तिला भय वाटणार नाही असे नाव देणे, ही विद्या सरकारी कचेऱ्यांत शिकवतात की ती खुर्चीतूनच अंगात चढते, हे समजणे कठीण आहे. मारक म्हणता आले असते. घातक म्हणता आले असते. साहेबांनी विचारणीय म्हटले, आणि मांजरगव्हाणने विचार केला.

विचार असा, की शिशूंचा विचार व्हावा असे साहेबांचे म्हणणे आहे, म्हणजे हे पाणी शिशूंना अवश्य द्यावे. बाबारावाला त्या क्षणी शंका आली होती. परंतु त्याच्या गोदामात अजून बरीच पोती शिल्लक होती. त्याने शंका गिळली. गिळण्याची त्याला सवय होती.

आता सांगायचे ते पुंडलिकरावांच्या घरातले. त्यांना श्रावणात नातू झाला होता. मुलगा यवतमाळला कापसाच्या जिनात कारकून. सून नलू बाळंतपणासाठी सासरीच राहिलेली. बाळंतपणानंतर तिला विषमज्वर झाला, ती वाचली, पण तिचे दूध आटले. गावात शेळी होती, गाय होती. तरी पुंडलिकरावांनी यवतमाळहून डब्याची दुधाची पूड आणली, कारण डब्यावर गुबगुबीत मुलाचे चित्र होते आणि तो डबा ओसरीवर सर्वांना दिसेल असा ठेवता येत होता. ती पूड पाण्यात कालवून बाळाला बाटलीने पाजत. पाणी अर्थात दोनशे साठ बळाचे.

सभा संपवून पुंडलिकराव घरी आले आणि त्यांनी पत्नीला, तुळसाबाईंना, गावाचा पराक्रम सांगितला. तुळसाबाई स्वयंपाकघरातल्या न्यायशास्त्रात पारंगत होत्या.

"दूध आटवलं का बासुंदी होते," त्या म्हणाल्या. "उसाचा रस आटवला का गूळ होते. मंग पानी आटवलं तर त्यातलं बळ जाईन कुठं?"

"तेच म्हनून राह्यलो मी," पुंडलिकराव म्हणाले. "तिसरा हिस्सा ठेवत जा."

त्या दिवसापासून चुलीवर पितळेचा गंज, म्हणजे मोठे पातेले, चढू लागला. तीन तांबे पाणी घालायचे, एक उरेपर्यंत आटवायचे, आणि त्यात पूड कालवून त्या तीन आठवड्यांच्या जिवाच्या मुखी लावायचे. गंजाच्या तळाला पांढरा थर बसे. तुळसाबाई तो शेजारणींना दाखवीत. "हेच ते," त्या म्हणत.

दसरा होऊन गेला तेव्हा बाळाचा वर्ण पालटू लागला. प्रथम ओठ, मग नखे, मग डोळ्यांभोवती, पाटीच्या दगडासारखी एक निळसर छटा पसरू लागली. ते फारसे रडतही नसे. नलू ते पाहत होती आणि झुरत होती. परंतु तुळसाबाईंनी एका सकाळी बाळाला उन्हात धरले आणि हर्षाने टाळी वाजवली.

"अवं, हा तं श्याम हाये! अष्टमीच्या आठवड्यात जलमला, अन् आता रंग दावून राह्यला!"

आणि मग जे झाले ते सांगताना लेखणी ओशाळते. बाळाच्या टोपीत मोरपीस खोचले गेले. गल्लीतल्या बाया निरांजन घेऊन आल्या. कोणी पायांवर डोके ठेवले, कोणी लोण्याचा गोळा आणला. पुंडलिकराव ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की बळाच्या पाण्याने गावात देव आला.

"आत्याबाई," नलू सासूला म्हणाली, "याचे ओठ तं पाहा. जलमला तव्हा गोरा होता हा. मले भेव लागून राह्यलं."

"तुह्या माहेरी कोनी देव पाह्यला नसन," तुळसाबाई म्हणाल्या. "मंग तुले कसं कळन?"

देवाच्या वर्णाचे ध्यान करताना आमच्या पूर्वजांनी सजल मेघाची उपमा शोधली, जवसाच्या फुलाची शोधली, इंद्रनील मण्याची शोधली. ज्या लेकराला श्वास पुरत नाही त्याच्या नखांची उपमा त्यांतल्या एकालाही सुचली नाही, कारण ते लोक डोळे उघडे ठेवून भक्ती करीत. मांजरगव्हाणची भक्ती ही निराळी वस्तू होती. तिला देव नको होता. शेजारच्या गावात सांगायला काहीतरी हवे होते.

दिवाळीच्या तोंडावर देशकर पुन्हा पाणी न्यायला आले. या खेपेला जीप नव्हती. बोरीअरबला एसटीतून उतरून ते बैलगाडीने आले. सरपंचांकडे पान मांडले होते. जेवण अर्ध्यावर आले असता तुळसाबाई मोठ्या अभिमानाने मोरपीसवाल्या नातवाला घेऊन आल्या.

"साहेब, तुमच्याच नत्राचा परसाद हाये," पुंडलिकराव म्हणाले.

साहेबांनी मुलाचा हात धरून नखे पाहिली. मग उष्ट्या हातानेच ते पाटावरून उठले.

"याला पाणी कोणते देता?"

"आपलंच. तिसऱ्या हिश्शावर आटवून."

"आटवून!" साहेबांचा आवाज चिरकला. "अहो, आटवल्याने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो! तुम्ही याला तिप्पट विष पाजता आहात! याचे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, म्हणून हा निळा पडला आहे. असाच पाजत राहिलात तर आठवडाभरही जगणार नाही."

संस्कृत भाषेत जीवन हे पाण्याचे नाव आहे, आणि विष हेही पाण्याचेच नाव आहे. ज्यांनी ही दोन्ही नावे एकाच द्रव्याला दिली त्या ऋषितुल्य माणसांना वंदन करावे. त्यांनी निदान दोन्ही अर्थ जवळजवळ ठेवले. देशकरांना मात्र सरळ शब्द सापडायला सव्वा महिना लागला, आणि तोही पानावर बसल्यावर सापडला.

पुंडलिकराव बाबारावाकडे वळले. साहेबांबरोबर तोही जेवायला होता.

"म्हंजे चार सालापासून तू खोटं सांगून राह्यला का?"

"पिकाले बळ, असं म्हनलो होतो मी," बाबाराव भाताकडे पाहत म्हणाला. "लेकराले म्हनलो नाई."

"मंग आमाले आटवताना पाह्यलं, तव्हा तुह्या तोंडात काय गेलतं?"

बाबारावाने पुढचा घास घेतला.

"हे नंतर पाहा," देशकर म्हणाले. "आज, आत्तापासून याचे पाणी बदला. माझ्या परीक्षेत एकच विहीर निर्दोष निघाली आहे, नाल्यापलीकडची. ते पाणी आणा. उकळा, पण आटवू नका. दोन-तीन दिवसांत रंग फिरेल. नाही फिरला, किंवा धाप लागली, तर यवतमाळचा दवाखाना गाठा."

ओसरीवरच्या मंडळींना नातू मरेल हे वाक्य जेवढे लागले नव्हते, तेवढे हे लागले.

"त्यायच्या विहिरीचं?" पुंडलिकराव म्हणाले.

"मी तुम्हाला पाणी सांगतो आहे. जात सांगत नाही."

साहेबांसमोर नाही म्हणण्याची पुंडलिकरावांची छाती नव्हती. त्यांनी उकंड्याला हाक मारली, घागर देवविली, आणि साहेबांची गाडी शिवारापार जाईपर्यंत हात जोडून उभे राहिले. नलूने मुलाच्या टोपीतले मोरपीस काढून फेकून दिले. आता एवढेच उरले होते, की ते पाणी वेळेवर त्याच्या पोटात जावे.

उकंडा तिन्हीसांजेला पाणी घेऊन आला. धर्मपालच्या आईने, पंचफुलाने, काही न विचारता त्याची घागर भरून दिली होती. दुसऱ्या सकाळीही भरून दिली. नलू प्रत्येक वेळी डोळे लावून मुलाकडे पाहत होती. रंग फिरला नाही, गडद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दूध अर्ध्यातच सोडले आणि मान टाकली. नलू घाबरून परसदारी सासूला हाक मारायला गेली, आणि दारातच थबकली. तुळसाबाई उकंड्याने आणलेली घागर मोरीत ओतत होत्या. ओतून झाल्यावर त्यांनी ती राखेने घासली, धुतली, आणि घरच्या रांजणातले पाणी तिच्यात भरले.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? घरात देव हायेत. ते पानी चुलीपाशी कसं येऊ देऊ?"

"लेकरू मरून राह्यलं ना माह्यं!"

"असं वंगाळ बोलू नाई. अन् मी आटवत नाई आता, साहेबानं सांगतलं तसं नुसतं उकळते. पानी ते पानी. साहेबाले काय कळते इटाळ?"

नलू ओसरीवर धावली. पुंडलिकराव चारदोन मंडळींबरोबर पान जुळवीत बसले होते. तिने दाराआडून सांगितले, "मामाजी, आत्याबाई ते पानी फेकून देऊन राह्यल्या."

पुंडलिकराव चमकले नाहीत. त्यांनी पानाची शीर काढली, चुना लावला, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हळू बोल. मानसं बसून हायेत."

म्हणजे त्यांना ठाऊक होते.

पुष्कळ लबाड माणसे पाहण्यात येतात, क्रूरही येतात. त्यांच्या दुष्टपणात निदान काही इच्छा असते. या मनुष्याला काहीच नको होते. नातू मरू नये असे वाटत होते, पण त्यासाठी चारचौघांत मान खाली घालावी लागू नये असे त्याहून अधिक वाटत होते, आणि दोन्हींच्या मधली जागा त्याने पानाच्या विड्याने भरून काढली.

नलू आत गेली. तिने मुलाला पदराखाली घेतले, दुसऱ्या हातात दुधाचा डबा आणि बाटली घेतली, आणि पुढच्या दाराने, त्या मंडळींच्या देखत, ओसरी उतरून गेली. ऊन वर आले होते. गल्लीत बाया बसल्या होत्या.

"कुठं चाल्ली वं नलू?"

"पान्याले."

"लेकरू घेऊन?"

"त्यालेच पाजाचं हाये."

नाल्यात घोटाभर पाणी वाहत होते. ती लुगडे न सावरता त्यातून पलीकडे गेली आणि टेकाड चढली. विहिरीवर पंचफुला धुणे पिळत होती. तिच्यापासून दहा हातांवर नलू थांबली. कोणाच्या विहिरीवर कोण चढते आणि कोण खाली उभे राहते, एवढे एकच शास्त्र तिला लहानपणापासून शिकवले होते. आज ते कोणत्या बाजूने लावायचे हे तिला कळेना.

"सरपंचाची सून ना तू?" पंचफुला म्हणाली. "सकाळीच उकंडा पानी घेऊन गेलता. पुरलं नाई का?"

"आलंच नाई लेकरापर्यंत. मोरीत गेलं."

पंचफुलाने हातातले धुणे दगडावर ठेवले. धर्मपाल झोपडीतून बाहेर आला होता. त्याने ते ऐकले.

"गेलं आसन," तो म्हणाला. "नऊ भागाचं पानी आमचं. बळ कुठं हाये त्यात?"

"तुह्यं तोंड घाल त्या विहिरीत!" आई त्याच्यावर खेकसली. "लेकराचे ओठ पाहा आंधी." मग नलूकडे वळून म्हणाली, "अन् तू वं, उभी काहून? दोर हाती घे. आमच्या विहिरीवर कोनी कोनाले वरून पानी वतत नाई."

नलूने मूल पंचफुलाच्या हाती दिले आणि दोर धरला. पोहरा वर आला तो भरून आला. पाणी थंड होते आणि त्यात आभाळाचा तुकडा हलत होता. ज्या माणसांनी खडक फोडून ते वर आणले त्यांनी मंत्र म्हटले असतील वा नसतील. त्या पाण्याची प्रतिष्ठा मात्र त्यांनी राखली होती, आणि देवतेची पूजा म्हणजे याहून वेगळे काही असते असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

पंचफुलाच्या चुलीवर पाणी उकळले, निवले, त्यात पूड कालवली. मुलाने आधी बाटली धरली नाही. नलूने थेंब थेंब ओठांवर सोडले. दिवस उतरेपर्यंत त्याने पाव बाटली घेतली.

"धाप लागली तं मले सांग," धर्मपाल दाराशी येऊन म्हणाला. "गाडीबैल नाई आमच्यापाशी. पाठीवर घेऊन बोरीअरब गाठीन, सकाळची एसटी भेटन." आणि तो खरोखरच पायांत वहाणा घालून अंगणात बसून राहिला.

ती वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी ओठांच्या कडेला तांबूस रेघ उमटली. दुपारी मूल भुकेने रडू लागले, आणि असे रडले की विहिरीवरच्या बाया हसायला लागल्या.

"आता झाला हा मानूस," पंचफुला म्हणाली. "तव्हरक देव होता."

तिसऱ्या दिवशी नाल्याच्या अलीकडे पुंडलिकराव आले. छत्री होती, बाबाराव होता, मागे उकंडा होता. शंकरसिंग नाईक तांड्याकडे चालले होते, तेही कौतुकाने थांबले. नाल्यातले पाणी आता पावले भिजण्याइतकेही उरले नव्हते.

"नलू!" पुंडलिकरावांनी हाक मारली. "चाल घरी. लोक काय म्हनतीन?"

नलू मुलाला घेऊन टेकाडाच्या कडेला आली.

"मामाजी, इकडं या. याचे नखं पाहा."

"इथूनच दिसते मले."

"जवळ या ना. पानी नाई नाल्यात."

पुंडलिकरावांनी नाल्याकडे पाहिले, पलीकडच्या झोपड्यांकडे पाहिले, आणि छत्री या हातातून त्या हातात घेतली. अलीकडच्या काठावरून त्यांचा पाय हलला नाही.

"काहून, पुंडलिकराव?" शंकरसिंग म्हणाले. "दोनशे साठ बळाचे पाय हायेत तुमचे. एवढा नाला नाई ओलांडत का?"

"तू घरी ये, मंग पाहीन," पुंडलिकराव शंकरसिंगांना न ऐकल्यासारखे करून सुनेला म्हणाले. "सारं तसंच हाये. तुही सासू वाट पाहून राह्यली."

"सारं तसंच हाये म्हनूनच येत नाई," नलू म्हणाली. "याच्या बापाले यवतमाळले निरोप धाडा. ते आले का मी त्यायच्यासंगं जाईन. तिथं नळ हाये. तव्हरक मी अठीच राह्यते."

पुंडलिकराव मागे वळले, आणि वेशीपाशी जो भेटेल त्याला सांगत गेले की आपण स्वतःच्या डोळ्यांनी नातवाची नखे पाहिली, गुलाबी आहेत, आणि सुनेला तिकडे आपणच पाठवले होते. बाबाराव प्रत्येक वेळी मान डोलावीत होता. त्या काठावरून त्या काठावरच्या दोन महिन्यांच्या मुलाची नखे दिसणे गरुडालाही शक्य नव्हते. गावाने मात्र ते मानले.

टेकाडावर नलू ते पाहत उभी राहिली नाही. मूल पुन्हा रडू लागले होते. ती पोहरा सोडायला विहिरीकडे गेली.